अँजिओप्लास्टी झालेली होती, मग अरेस्ट कसा आला?

प्रश्न: माझे बाबा ६१ वर्षांचे होते. दीड वर्षापूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, ठाण्यातच अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. डिस्चार्ज कार्डावर 'ईएफ ३० टक्के' लिहिलं आहे. गोळ्या चालू होत्या. गेल्या महिन्यात सकाळी दूध घेऊन येताना घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी ते अचानक कोसळले. छातीत दुखतंय असं काही म्हणाले नाहीत. वॉचमन सांगतो की हातपाय थोडे झटकले आणि दोन-तीन मिनिटं ते घोरल्यासारखा श्वास घेत होते. कोणी पाणी पाजायला गेलं, कोणी कांदा आणला, मग भावाने गाडीत घालून नेलं. हॉस्पिटलमध्ये 'कार्डियाक अरेस्ट, आणण्यापूर्वीच मृत्यू' असं सांगितलं. पोस्टमॉर्टेम झालं नाही. नातेवाईक म्हणतात, दुसरा अटॅक होता, स्टेंट खराब निघाला. खरं काय? आम्ही काही करू शकलो असतो का? आई ५८ वर्षांची आहे, तिला डायबिटीस आहे. भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्यांच्या कोणत्या तपासण्या करायच्या?

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देतो. दुसरा अटॅक आलाच असेल असं तुमच्या माहितीवरून म्हणता येत नाही, आणि स्टेंट खराब निघाला असं तर अजिबातच नाही. ईसीजी निघायच्या आतच सगळं आटोपलेलं असेल, तर पोस्टमॉर्टेमशिवाय कारण ठामपणे सांगणाऱ्याचं फार ऐकू नका, मग तो नातेवाईक असो की डॉक्टर. पण पूर्वी मोठा अटॅक येऊन गेलेला माणूस चालता चालता एक शब्दही न बोलता पडतो, तेव्हा आमच्या मनात पहिला संशय येतो तो ठोक्यांची लय बिघडल्याचा. नळी पुन्हा बंद झाली असेल, हा संशय त्यानंतरचा.

अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी बंद पडणं. नळीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीच्या थरावरचं पातळ आवरण एके दिवशी फाटतं, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूचा पुरवठा तुटतो. तो स्नायू मरायला लागतो, पण एका झटक्यात नव्हे, तासातासाने. बाकीचं हृदय तोवर काम करत असतं. म्हणून अटॅकचा पेशंट बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. घाम पुसतो, छातीवर मूठ धरतो, 'काही नाही, गॅस झालाय' म्हणत घरच्यांचीच समजूत घालतो. कित्येक जण रिक्षा करून स्वतः येतात.

अरेस्टमध्ये शरीराला रक्त जाणंच थांबतं. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध. नाडी नाही, नीट श्वास नाही. सर्वांत जास्त वेळा पहिला बिघाड असतो तो व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनचा, आम्ही नुसतं 'व्हीएफ' म्हणतो: हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचे संदेश इतके सैरभैर धावतात की स्नायू आकुंचन न पावता नुसता थरथरतो. छाती उघडून शस्त्रक्रिया करणारे सर्जन त्याला गांडुळांची पिशवी म्हणतात, आणि ज्याने एकदा ते पाहिलंय त्याला दुसरी उपमा सुचत नाही. हालचाल भरपूर, पण बाहेर रक्ताचा थेंब नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकमेकींना ओळखतात. मध्यरात्री कॅज्युअल्टीत पन्नाशीचा माणूस येतो, खुर्चीवर बसूनच नाव-पत्ता सांगतो, बायकोला म्हणतो की तू कशाला आलीस, मुलांपाशी थांबायचंस. ईसीजीत अटॅक स्पष्ट दिसत असतो. सिस्टर हातात सलाईनची सुई घालतेय तोच बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं, डोळे वर जातात, मॉनिटरवर वेड्यावाकड्या रेघा. छाती दाबायला सुरुवात, पॅडल, २०० ज्यूलचा शॉक. मिनिटभरात तो डोळे उघडतो आणि विचारतो, 'माझा शर्ट कोणी फाडला?' अटॅक मघापासून चालू होता, अरेस्ट त्याच्या पोटी आत्ता झाला, आणि शॉकने अरेस्ट गेला तरी अटॅक अजून आहेच. आता त्याला कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते तिथे, न्यायचंय. आमच्या धंद्यात हे नवलाचं नाही. हाच माणूस दहा मिनिटं आधी, माजिवड्याच्या सिग्नलला गाडीत असताना गेला असता, एवढाच काय तो फरक.

अटॅकमधून अरेस्ट होतो तसा अटॅकशिवायही होतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेतल्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. तिथल्या तिथे सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं, आणि शॉक मिळाला आणि तो वाचला. पुढे छातीत एक यंत्र बसवून पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. त्या यंत्राकडे येतो. पण त्याशिवाय जन्मजात जाड झालेला हृदयाचा स्नायू, लयीचे आनुवंशिक दोष, किडनीच्या पेशंटमध्ये चढलेलं पोटॅशियम, फुफ्फुसात अडकलेली मोठी गुठळी, पावसाळ्यात लोखंडी खांबाला हात लागून बसलेला शॉक, पाण्यात बुडणं, घशात अडकलेला घास, या सगळ्यांचा शेवट अरेस्टच असतो.

आता तुमच्या बाबांकडे. डिस्चार्ज कार्डावरचा ईएफ ३० हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलाय. डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते म्हणजे ईएफ. निरोगी माणसात साधारण ५५ ते ७०. अँजिओप्लास्टीने नळी उघडते. तोवर मेलेला स्नायू जिवंत होत नाही. त्या जागी व्रण राहतो. जिवंत आणि मेलेल्या स्नायूच्या सीमेवर विजेचा प्रवाह सरळ न जाता गोल फिरू लागतो, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथूनच व्हीएफसारखी घातक लय उठू शकते. नळ्या सगळ्या उघड्या, स्टेंट उत्तम, तरीही. म्हणून 'अँजिओप्लास्टी झाली, आता काळजी नाही' हे वाक्य मला कधीच आवडलेलं नाही.

पण डिस्चार्जच्या दिवशीच्या ईएफवरून निर्णय घ्यायचा नसतो, तेव्हा स्नायूचा काही भाग नुसता बधिर असतो. नळी उघडल्यावर काही आठवड्यांत तो सावरू शकतो. म्हणून अटॅकनंतर किमान ४० दिवसांनी, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर साधारण तीन महिने औषधं नीट घेऊन, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करायचा असतो. तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला आणि दम लागत असेल, किंवा काहीच त्रास नसताना तो ३० किंवा त्याखाली असेल, तर आयसीडीची चर्चा व्हायला हवी. एरिक्सनच्या छातीत आहे ते हेच यंत्र. गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात, चोवीस तास लय बघतं आणि व्हीएफ दिसला की आतूनच शॉक देतं. महाग आहे, काही लाखांत जातं, सगळ्यांना लागत नाही. पण तो दुसरा इको अनेकांचा होतच नाही. पेशंटला बरं वाटत असतं, गोळ्या मेडिकलमधून मिळत असतात, फाईल कपाटात जाते. तुमच्याकडे तो झाला होता का, मला कळायला मार्ग नाही, आणि झाला असता तर पुढचं टळलंच असतं असंही मी म्हणणार नाही. पण हे वाचणाऱ्या ज्या कोणाच्या घरी अशी फाईल असेल, त्यांनी आज कपाट उघडून ईएफ बघावा आणि शेवटच्या इकोची तारीखही.

दुसरी शक्यताही सांगायला हवी. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एखादी मधेच बंद केली तर. दात काढायचाय म्हणून कोणीतरी बंद करायला सांगतं आणि पुन्हा सुरू करायची राहून जाते. दुसऱ्याच नळीत नवा अटॅक येऊन लगेच व्हीएफ होणं हेही शक्य आहे. तुमच्या बाबांच्या बाबतीत कोणतं घडलं हे आता कळणार नाही. नातेवाइकांना एवढंच सांगा.

वॉचमन म्हणाला की ते घोरल्यासारखा श्वास घेत होते. ताई, तो श्वास नव्हता. रक्त थांबल्यावर मेंदूच्या तळाशी शेवटची धडपड चालते आणि तोंड उघडं पडून मधून मधून एक घरघरता आचका येतो. दोन आचक्यांमध्ये पाच-दहा सेकंद जातात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास आहे, म्हणजे जीव आहे, म्हणजे छाती दाबायची गरज नाही. सुरुवातीला हातपाय झटकतात, म्हणून लोकांना फिट वाटते आणि कांदा, चप्पल, चावी हे सगळं निघतं. रस्त्यावर, प्लॅटफॉर्मवर, जिममध्ये सगळीकडे याच दोन गोष्टी लोकांना फसवतात. शिकलेल्या लोकांनाही फसवतात. तुमच्या वॉचमनचा यात काही दोष नाही.

म्हणून नियम सोपा ठेवलाय: खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, आणि श्वास नेहमीसारखा नाही, म्हणजे अरेस्ट समजा. नाडी शोधत बसू नका, ती घाईत आमच्या ज्युनिअरांनाही चुकते. हे ठरवायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका. एकाने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि 'चक्कर आली' असं न सांगता 'बेशुद्ध आहे, श्वास नाही, सीपीआर चालू आहे' असं सांगायचं. दुसऱ्याने गुडघ्यावर बसून छातीच्या मधोमध, बरगड्यांच्या मधल्या उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि स्वतःचं वजन टाकून पाच ते सहा सेंटिमीटर खाली दाबायचं. मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात रक्त भरतच नाही. पाच सेंटिमीटर म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच खोल. पहिल्या मिनिटात कटकन आवाज येईल, बरगडी मोडेल. मोडू दे, ती जुळते. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा दुसऱ्याने घ्यायचं, थांबायचं नाही. तोंडाने श्वास द्यायला संकोच वाटत असेल तर नुसतं दाबत राहा. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला सुरुवातीची काही मिनिटं तेवढं पुरतं. बुडालेल्याला आणि लहान मुलाला मात्र श्वासही लागतो. पाणी, सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी), ॲस्पिरिन, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही.

हे हाताने करता येतं, हे तसं अलीकडचं ज्ञान आहे. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे प्रसिद्ध केलं. त्यातले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. दोन हात असले की पुरे, कुठेही करता येतं, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. साठ वर्षं होऊन गेली, आपल्याकडे अजून लोक रुग्णवाहिकेची वाट बघत भोवती गोल करून उभे राहतात आणि एक जण व्हिडिओ काढतो.

आता तुमच्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग. गाडीत घालून नेलं ते चुकलं का? भावाने जे केलं ते ठाण्यातल्या दहातल्या नऊ घरांत झालं असतं. आपल्याला सगळ्यांना तेच शिकवलंय, लवकर हॉस्पिटल गाठा. अटॅकसाठी ते बरोबरही आहे. पण अरेस्टमध्ये सीपीआर आणि शॉकशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. गाडीच्या मऊ सीटवर अर्धवट वाकून दाबलं तर रक्त फिरत नाही. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून निघालेली गाडी सकाळी मोकळा रस्ता मिळाला तरी सहा मिनिटांत कुठल्या कॅज्युअल्टीच्या दारात लागेल? अरेस्टचं हॉस्पिटल म्हणजे माणूस पडला ती जमीन. उपचार तिथे पोचले पाहिजेत, पेशंट उपचारांकडे नव्हे. आणि तरीही, जिथे सगळी व्यवस्था उत्तम आहे अशा देशांतही हॉस्पिटलबाहेर अरेस्ट झालेल्यांपैकी साधारण दहात एकच घरी परततो. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, आकडाच तो आहे. भावालाही तो सांगा.

तो आकडा बदलतो कुठे, ते बघण्यासारखं आहे. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या कसिनोंमधला एक अभ्यास आला होता. तिथल्या सिक्युरिटी गार्डांना सीपीआर आणि एईडी, म्हणजे आपोआप लय ओळखून शॉक देणारं छोटं यंत्र, वापरायला शिकवलं होतं. सगळीकडे कॅमेरे, त्यामुळे माणूस पडलेला लगेच दिसायचा. लोकांसमक्ष कोसळलेल्या आणि व्हीएफ असलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यातले ७४ टक्के वाचून घरी गेले. उशिरा मिळाला त्यातले ४९ टक्के. डॉक्टर एकही नाही, सगळं गार्डांनी केलेलं. हे वाचल्यापासून मी एकच विचार करतो. घोडबंदर रोडला काय, खारघर-नेरूळला काय, प्रत्येक टॉवरच्या गेटवर चोवीस तास दोन गार्ड आणि सोळा कॅमेरे आहेत. कसिनोत होतं ते सगळं आहे. शिकवलेले हात आणि यंत्र तेवढं नाही.

एईडी साधारण लाखाच्या आसपास मिळतं. ज्या सोसायटीत गणपतीच्या मंडपाचा खर्च त्याहून जास्त होतो, तिथे एजीएममध्ये हा विषय निघाला की 'वापरणार कोण, जबाबदारी कोणाची' यावर तासभर वाद होऊन तो पुढच्या वर्षावर जातो, असं मी पाहिलंय. जबाबदारीचं म्हणाल तर यंत्र स्वतः लय तपासतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, बटण दाबलं तरी. पट्ट्या कुठे लावायच्या याचं चित्र त्यांच्यावरच असतं: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या बाजूला काखेच्या खाली. छाती ओली असेल तर आधी पुसायची. यंत्र बोलतं, आवाज बहुधा इंग्रजीत असतो, म्हणून गार्डांना तो आधी दोन-चारदा ऐकवून ठेवावा. एजन्सी गार्ड बदलत राहते, त्यामुळे प्रशिक्षण सहा महिन्यांनी पुन्हा. पट्ट्यांची मुदत संपते, तिची तारीख अग्निशामक सिलिंडरच्या रजिस्टरमध्येच लिहा. आणि यंत्र गेटवरच्या केबिनमध्ये ठेवा. एका ठिकाणी ते क्लबहाऊसच्या कपाटात कुलपात पाहिलं. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर दहाला येतो.

हे सगळं अरेस्टचं झालं. अटॅकचं वागणं वेगळं, कारण तिथे माणूस बोलतोय आणि वेळ हातात आहे. छातीच्या मधोमध दडपण, घट्ट आवळल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणारं, थंड घाम, मळमळ. बायकांमध्ये आणि डायबिटीसच्या पेशंटमध्ये दुखणं नसूही शकतं, नुसता दम, घाम किंवा एकाएकी गळून गेल्यासारखं वाटतं. आईसाठी हे लक्षात ठेवा. अशा वेळी ईनो घेऊन सकाळपर्यंत वाट बघणं, हे मी रोज पाहतो. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या नोंदणीत, त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलला पोचेपर्यंतचा मधला आकडा ३६० मिनिटं होता. सहा तास! तेवढ्यात बराचसा स्नायू गेलेला असतो, आणि दीड वर्षानंतरचे व्रण तिथेच तयार होतात. बाबांना त्या पहिल्या वेळी किती वेळ लागला होता, तुम्ही लिहिलेलं नाही.

पेशंटला बसवा, चालवू नका, जिने उतरवू नका. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत लिफ्ट नाही. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायचं. टॉवरमध्ये गार्डला सांगून एक लिफ्ट अडवून ठेवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, हल्ली पोटातून रक्तस्राव झालेला नसेल आणि एका बाजूचा हात-पाय लुळा पडलेला नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५ च्या गोळ्या असतील तर चार. सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या डब्यातलं देऊ नका. काही अटॅकमध्ये बीपी आधीच पडलेलं असतं, ते आणखी पडतं, आणि पेशंटने आदल्या दिवशी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध, तेही सॉर्बिट्रेटसोबत बीपी पाडतं) घेतलेलं असेल तर घरच्यांना ते ठाऊक नसतं. स्वतः गाडी चालवत कोणी यायचं नाही, कारण वर सांगितलेला प्रसंग स्टिअरिंगवर घडतो.

हॉस्पिटल कोणतं? १०८ मिळत असेल तर उत्तम. स्वतः नेत असाल तर निघताना फोन करून एकच विचारा: 'कॅथलॅब आत्ता चालू आहे का?' रात्री अडीचला मोठी इमारत असून उपयोग नसतो. कॅथलॅबपर्यंत वेळेत पोचणं शक्य नसेल तर जवळच्या आयसीयू असलेल्या ठिकाणी जा. ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पुढे पाठवतात. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण फार चांगला असतो. 'इंजेक्शन नको, थेट अँजिओप्लास्टीच हवी' असा हट्ट धरून लोक सह्या करून पेशंट हलवतात आणि आनंदनगर टोलनाक्यापाशी अडकतात. तसं करू नका. पैशाची अडचण असेल तर अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले योजनेत बसते. संलग्न हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो, त्याला गाठा.

जोरजोरात खोकत राहिलं की एकटं असताना अटॅक थोपवता येतो, असा एक मेसेज दर दोन महिन्यांनी माझ्याकडेही येतो. गुठळी खोकल्याने हलत नाही, आणि अरेस्ट झालेला माणूस खोकायला शुद्धीत नसतो. डिलीट करा. तसंच, तरुणांच्या अचानक मृत्यूंचं खापर कोविडच्या लशीवर फोडणाऱ्यांसाठी: आयसीएमआरने १८ ते ४५ वयोगटावर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लशीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. घराण्यात असा मृत्यू, कोविडसाठी पूर्वी ॲडमिट होणं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम, यांच्याशी संबंध दिसला.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल थोडं, कारण विम्याच्या वेळी प्रश्न येतो. 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' हे डेंगीने गेलेल्याच्या कागदावरही सापडेल आणि कॅन्सरने गेलेल्याच्याही. शेवटी हृदय आणि श्वास सगळ्यांचाच थांबतो. खरं तर डॉक्टरने मूळ कारण लिहायचं असतं, पण घाईत अनेक जण एवढ्यावरच थांबतात. तुमच्या कागदावर मूळ कारणाच्या रकान्यात काय आहे ते पाहा आणि बाबांची जुनी फाईल, अँजिओप्लास्टीच्या सीडीसकट, जपून ठेवा.

भावाचं. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला असता तर मी जास्त धास्तावलो असतो; तसं नाही, तरी दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, हे ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलंच आहे. त्याने बीपी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातल्या आनुवंशिक चरबीची तपासणी) करावं. साधा ईसीजी काढावा. सिगारेट, मशेरी, गुटखा काही असेल तर आज बंद. दर वर्षी हौसेने सीटी अँजिओ करायची गरज नाही, हेल्थ चेकअपच्या पॅकेजवाले काहीही म्हणोत. त्याला कधी पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपली असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी इको आणि तज्ज्ञाची भेट.

आईला जास्त तातडीने दाखवा. ५८ वय, डायबिटीस, वर हा धक्का. जिना चढताना पूर्वीपेक्षा दम लागतो का, हे तिला सरळ विचारा; या दिवसांत ती आपणहून सांगणार नाही. ईसीजी आणि इको याच आठवड्यात. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. ती नीट जेवत नसेल तर साखरेच्या गोळ्यांचा, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन असेल तर, डोस तिच्या डॉक्टरांकडून फेरतपासून घ्या. शोकाच्या घरात साखर उतरून पडलेले पेशंट आम्हाला दर महिन्याला येतात.